टेहळणी, मराठेकालीन

टेहळणी, मराठेकालीन : शत्रूच्या मुलखात शिरून वाटा, फौज, रसद व खजिना यांची खबर आणण्याचे काम. ते करणाऱ्यांना जासूद, हेर, हरकारे, नजरबाज म्हणत. यशाचे श्रेय बहुधा वेषांतराला दिले जाते. पण वेषांतराच्या कथा बव्हंशी उत्तरकालीन आहेत. कागदोपत्री दिसते ते वेगळे : खबर वेळेत पोचली आणि ऐकणाऱ्याने ती मानली, तरच मोहीम साधे. कोयना हेळवाकपाशी पूर्वेकडे वळून पाटणवरून कराडला कृष्णेस मिळते आणि हेळवाकपासूनच कुंभार्लीची वाट चिपळुणाकडे उतरते. अशा मुलखात वाटाड्याविना मोठी फौज आंधळीच. उंबरखिंडीत १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान कोंडला गेला तो याच न्यायाने. सभासद बखरीत सुरतेच्या संपत्तीची खबर बहिर्जी जासुदाने आणल्याचे येते. जानेवारी १६६४ मध्ये शहर लुटले गेले, किल्ला व इंग्रज-डच वखारी हाती आल्या नाहीत. तरी मोगली कुमक येत असल्याचे कळताच शिवाजी महाराज निघाले, आणि परतीची ही खबर आरंभीच्या खबरीइतकीच मोलाची ठरली. १६७९ मध्ये जालन्याहून लुटीसह परतताना कोंडीत सापडलेले सैन्य बहिर्जीने आडवाटेने पट्टागडास पोचवले. हेरगिरीचा हा भाग सर्वांत कमी लिहिला गेला आहे.

उलट उदाहरण संगमेश्वरचे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी कोल्हापूरकडून आलेल्या मुकर्रबखानाने संभाजीराजांना पकडले. हरकाऱ्यांनी मोगल आल्याचे सांगितले, पण ते मानले गेले नाही, असे खाफीखान म्हणतो. तो मोगल बाजूचा आणि मागाहून लिहिणारा, म्हणून त्याची साक्ष टाकून द्यावी, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. फितुरीबाबतही एकमत नाही. परंतु त्याचे शब्द बाजूला ठेवले तरी मूळ गोष्ट उरते : खानाला ठावठिकाणा अचूक कळला होता, आणि निवडक स्वारांनिशी घाट उतरून त्याने बातमीच्या आधी मजल मारली. मराठ्यांच्या वाटा ज्या डोंगरांनी राखल्या, त्याच डोंगरांत त्या दिवशी शत्रूची टेहळणी सरस ठरली. फितुरी मानली, तरी फितुराची खबरही कुणीतरी वेळेत पोचवावी लागते.

बहिर्जींची समाधी सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर असल्याची परंपरा आहे.