पदवीनंतरचा जमाखर्च : पुण्यातील आजीव सेवकांची परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पुण्यातील सुशिक्षित वर्गात एक नवी प्रथा रुजली. विद्यापीठाची पदवी मिळालेल्या तरुणाने सरकारी नोकरी किंवा वकिली न पत्करता आपल्या आयुष्याची ठरावीक वर्षे एखाद्या सार्वजनिक संस्थेला द्यावीत आणि संस्थेने त्याच्या निर्वाहापुरती तजवीज करावी, असे या प्रथेचे साधारण स्वरूप होते. मराठीत तिचा इतिहास बहुधा त्यागाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे आणि त्यात खोटे काही नाही. तथापि या संस्थांचे नियम, त्यांतील वाद आणि राजीनामे एकत्र वाचले असता असे दिसते की त्यागाइतकाच हा इतिहास हिशेबाचाही आहे, आणि ज्या संस्थेने हा हिशेब आधीच स्पष्ट मांडला तिच्यात सेवकांची सेवाही अधिक टिकली.

प्रथेचे पहिले ठळक रूप डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दिसते. १ जानेवारी १८८० रोजी सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८४ मध्ये ही सोसायटी उभी राहिली आणि तिने १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय काढले. सोसायटीचा ‘आजीव सभासद’ म्हणजे वीस वर्षे अध्यापनाची हमी देणारा शिक्षक. नाव ‘आजीव’ असले तरी करार वीस वर्षांचाच होता, आणि त्यासाठी दरमहा ७५ रुपये वेतन ठरले होते. तेवढीच पदवी घेऊन मामलेदारीकडे किंवा वकिलीकडे वळणाऱ्या वर्गमित्राची मिळकत याहून कितीतरी वाढत जाणार, हे या तरुणांना आणि त्यांच्या घरच्यांना पुरते ठाऊक होते. गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या आईला कळवले होते की मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे म्हणून मोठ्या पगाराची स्वप्ने तिने पाहू नयेत, कारण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून उरलेला वेळ तो परहितात घालवणार आहे. हे पत्र महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितले जाते, परंतु ते ज्या घरी पोहोचले त्या घराच्या जमाखर्चाचा विचार ते सांगताना क्वचितच केला जातो.

या वेतनावरूनच सोसायटीत फूट पडली. वेतन वाढवावे की नाही, सभासदांना जादा रक्कम द्यावी की नाही आणि सभासदाने संस्थेबाहेरची कामे करून त्यांवर वेळ व पैसा मिळवावा की नाही, या प्रश्नांवर बाळ गंगाधर टिळकांची भूमिका अत्यंत कडक होती. संस्थेला वाहून घेतलेल्या माणसाचा सगळा वेळ संस्थेचा, असे ते मानत, तर संसार असलेल्या शिक्षकांची ओढाताण आगरकर आणि त्यांचे सहकारी पुढे मांडत. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. या प्रसंगाला सामाजिक सुधारणांच्या वादाची पार्श्वभूमी होती हे खरे असले तरी राजीनाम्यातील तक्रारींचा मोठा भाग पैशाच्या आणि वेळेच्या हिशेबाविषयी आहे, हे विसरून चालत नाही. एकाच ध्येयाने एकत्र आलेली माणसे इतक्या लवकर वेगळी का झाली, याचे एक साधे उत्तर असे की निर्वाह म्हणजे नेमके किती, हे त्यांनी आरंभी एकमेकांना विचारलेच नव्हते.

गोपाळ कृष्ण गोखले या वादाच्या वेळी त्याच संस्थेत होते. त्यांचे शिक्षणच दुसऱ्याच्या काटकसरीवर झाले होते. वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव दरमहा १५ रुपयांच्या नोकरीतून ८ रुपये त्यांना शिक्षणासाठी पाठवीत. १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात शिक्षक म्हणून रुजू झाले. ७५ रुपयांच्या वेतनावर त्यांनी वर्षे काढली, शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले, आणि १९०२ मध्ये दरमहा ३० रुपये निवृत्तिवेतन घेऊन ते सोसायटीतून मोकळे झाले.

याच सुमारास घडलेल्या एका प्रवासाचा तपशील उपलब्ध आहे, आणि सेवा, प्रवास व खर्च यांची सांगड त्यात इतकी उघड आहे की तो येथे थोडा विस्ताराने पाहणे योग्य ठरेल. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर मोहनदास गांधी सुमारे महिनाभर गोखल्यांकडे राहिले होते. त्यांचे वय तेव्हा ३२ होते. तेथून राजकोटला जाताना वाटेत काशी, आग्रा, जयपूर आणि पालनपूर येथे एकेक दिवस थांबावे आणि सारा प्रवास तिसऱ्या वर्गाने करून त्या वर्गातील उतारूंचे हाल स्वतः अनुभवावेत, असा त्यांचा बेत होता. गोखल्यांनी आधी ही कल्पना हसण्यावारी नेली. मग तिचा हेतू समजल्यावर त्यांनी एक धातूचा डबा लाडू-पुऱ्यांनी भरून दिला आणि रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांच्यासह ते निरोप द्यायला स्टेशनवर गेले. गांधींनी बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी आणि लोकरीचा एक जाड लांब कोट घेतला होता. पिशवीत धोतर, सदरा, पंचा आणि हा कोट एवढेच कपडे, शिवाय पांघरायला घोंगडी आणि पाण्याचा तांब्या. पालनपूर सोडून इतर ठिकाणी ते धर्मशाळेत किंवा पंड्याकडे, म्हणजे यात्रेकरूंची व्यवस्था पाहणाऱ्या तीर्थपुरोहिताकडे, सामान्य यात्रेकरूप्रमाणे उतरले, आणि रेल्वेभाडे धरून एकूण खर्च ३१ रुपयांच्या पुढे गेला नसावा, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. ही रक्कम गोखल्यांच्या निवृत्तिवेतनाच्या जवळपास एका महिन्याएवढी होते, त्यामुळे तो प्रवास स्वस्त होता असे म्हणताना कोणाच्या मानाने स्वस्त, हेही पाहावे लागते.

गोखले स्वतः मात्र कलकत्त्यात घोड्याच्या गाडीतून फिरत, आणि ट्रामने का जात नाही असे गांधींनी विचारल्यावर ते दुखावले होते. कायदेमंडळाचे (कौन्सिलचे) भत्ते आपण स्वतःच्या सुखसोयींसाठी वापरत नाही, पण माणूस सर्वांच्या ओळखीचा झाला की त्याला ट्रामने फिरणे अवघड होते, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. काटकसर ही वय आणि अनामिकता यांच्याशी बांधलेली असते, ही जाणीव त्यात आहे. तीन वर्षांनी त्यांनी काढलेल्या संस्थेच्या नियमांवर या जाणिवेची छाया असावी, असे मानायला जागा आहे.

ही संस्था म्हणजे १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन झालेली सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी. मराठीत तिचा उल्लेख ‘भारत सेवक समाज’ असाही होतो, पण स्वातंत्र्यानंतर निघालेली त्याच नावाची संस्था वेगळी. गोखल्यांबरोबर नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे तिघे आरंभीचे सभासद होते. सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाला मनात पहिले स्थान देणे, जातिधर्माचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानणे, शुद्ध आचरण ठेवणे, कोणाशी वैयक्तिक भांडण न करणे इत्यादी प्रतिज्ञा त्या काळच्या इतर संस्थांतही थोड्याफार फरकाने सापडतील. वेगळी होती ती निर्वाहाविषयीची: संस्था सभासदासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत त्याने संतोष मानावा आणि स्वतःसाठी अधिक मिळवण्यात शक्तीचा कोणताही अंश खर्च करू नये. प्रतिज्ञेत ‘कुटुंब’ हा शब्द स्वतंत्रपणे आला, ही बारीकशी वाटणारी गोष्ट खरे तर डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील कलहाचे सार आहे. बाहेरच्या कमाईची वाट बंद करायची असेल तर घराची जबाबदारी संस्थेनेच उचलली पाहिजे, हे गोखल्यांना तेथे कळले होते.

दुसरा वेगळा नियम प्रशिक्षणाचा होता. नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करायची. त्यांपैकी एकूण तीन वर्षे पुण्याच्या निवासात राहून इतिहास, अर्थशास्त्र व सार्वजनिक प्रश्न यांचा अभ्यास करायचा आणि दोन वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरायचे. प्रवासाला शिक्षणाचा सक्तीचा भाग बनवून त्याचा खर्च संस्थेच्या अंगावर घेणे, ही त्या काळच्या पुण्यात नवी कल्पना होती. तोपर्यंत तरुणाचा प्रवास म्हणजे एक तर घरातील वडीलधाऱ्यांबरोबरची तीर्थयात्रा किंवा नोकरीतील बदली. देश पाहण्यासाठी फिरणे ही चैन समजली जाई. गोखल्यांनी ती चैन अभ्यासक्रमात घातली, आणि तिच्यासोबत मत बनवण्याची घाई न करण्याची शिस्तही. देवधरांना १९०८ मध्ये संयुक्त प्रांतातील दुष्काळात मदतकार्य करावे लागले, तेव्हा पुण्यातील पुस्तकांपेक्षा ही भटकंती अधिक उपयोगी पडली असेल, असा तर्क करणे धाडसाचे नाही.

१९१५ च्या जानेवारीत गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतले तेव्हा हीच पद्धत, अर्थात संक्षिप्त रूपात, गोखल्यांनी त्यांना लागू केली. एक वर्ष देशभर फिरावे, पाहावे, ऐकावे, आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे वचन त्यांनी घेतले. खर्चाची बाजूही त्यांनी सोडली नाही: डॉ. हरी श्रीकृष्ण देव यांना बोलावून सोसायटीच्या वह्यांत गांधींच्या नावाचे खाते उघडण्यास आणि गांधींच्या नियोजित आश्रमासाठी व सार्वजनिक खर्चासाठी लागेल ती रक्कम देण्यास सांगितले. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले. त्यानंतर सोसायटीत प्रवेश देण्यावरून सभासदांत मतभेद दिसल्यामुळे गांधींनी आपला अर्ज स्वतःच मागे घेतला. तरीही त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात हृदयनाथ कुंझरूंच्या नेतृत्वाखाली सोसायटीचे स्वयंसेवक पथक गेले तेव्हा गांधींचे दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमातले सहकारी मदतीला होते, आणि डॉ. देवांनी खणवलेल्या शौचखड्ड्यांत मैल्यावर माती टाकण्याचे काम या सहकाऱ्यांनी मागून घेतले. ज्या कामासाठी पैसे देऊन माणसे लावली जात, ते काम शिकलेल्या तरुणांनी हाती घेतले. पुढच्या काळातील कित्येक शिबिरांचा आराखडा येथे आधीच दिसतो.

सोसायटीच्या सभासदांची संख्या कधीच मोठी झाली नाही. नारायण मल्हार जोशी तिच्यातूनच मुंबईतील कामगारांकडे वळले. १९११ मधील सोशल सर्व्हिस लीग आणि १९२० मधील आयटक ही कामगार संघटना यांच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा, यांची हकीकत अधिक बोलकी आहे. ते मुंबई नगरपालिकेत अभियंता होते आणि सोसायटीत ते आले १९१४ मध्ये, वडिलांच्या निधनानंतर, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर. पदवीनंतर लगेच आयुष्य वाहून घेणे ज्यांना जमले त्यांच्यामागे कोणी ना कोणी मिळवता भाऊ किंवा सोशिक पत्नी उभी होती. ज्यांच्यावर कुटुंबाची जबाबदारी होती त्यांना अर्धे आयुष्य थांबावे लागले.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठोर होता. सोसायटी पुरुषांची होती. धोंडो केशव कर्व्यांनी १९०८ मध्ये काढलेल्या निष्काम कर्म मठात मात्र, म्हणजे स्त्रीशिक्षणाच्या कामाला वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या संघात, स्त्रियांना स्थान होते. कर्व्यांच्याच हिंगण्याच्या संस्थेच्या पार्वतीबाई आठवले पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेला गेल्या त्या संस्थेसाठी इंग्रजी शिकायला आणि मदत मिळवायला. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून आपला खर्च भागवला. त्या तेव्हा तरुण नव्हत्या, पण काम करत प्रवास आणि प्रवासात काम, ही आज परदेशी जाणाऱ्या पदवीधरांना परिचित असलेली रीत महाराष्ट्रातील एका विधवा शिक्षिकेने इतक्या आधी आचरली, याची नोंद घ्यायला हवी.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेतून आयुष्यभराचा करार हळूहळू वजा झाला. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना ही पदवीच्या अभ्यासाबरोबरच आटोपणारी सेवा होती. तिच्या दोन वर्षे आधी बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली, जिच्यात तरुणांनी उन्हाळ्याच्या सुटीत येऊन काही दिवस शेतीची व बांधबंदिस्तीची अंगमेहनत करायची असते. डिसेंबर १९८५ मध्ये आमट्यांनी शंभराहून अधिक तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर ‘भारत जोडो’ मोहीम नेली, आणि १९८८ मध्ये दुसरी मोहीम अरुणाचलातील इटानगरहून गुजरातमधील ओख्याकडे निघाली. गोखल्यांनी दोन वर्षांवर पसरलेले देशदर्शन येथे काही महिन्यांत, पण सायकल चालवणाऱ्याच्या गतीने, घडले.

छावणीला किंवा मोहिमेला निर्वाहवेतन ठरवावे लागत नाही, कारण येणारा तरुण शिक्षणाकडे किंवा नोकरीकडे परत जाणार हे गृहीत असते. जे परतले नाहीत त्यांच्यासाठी १८९० मधला निर्वाहाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९७३ मध्ये बाबा आमट्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून डॉ. मंदा आमट्यांसह भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे गेले, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या कार्यकर्त्यांच्या संसाराची सोय पगाराने करण्यासारखी तेथे परिस्थिती नव्हती. ती सोय एका सामायिक स्वयंपाकघराने केली.