सभाकक्षातील प्रतिध्वनी

व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये बोलताना आपलेच शब्द क्षणभराने परत कानी येऊ लागले, की बहुतेक जण आपल्या यंत्राला दोष देतात. प्रत्यक्षात दोष बहुधा पलीकडच्या खोलीत असतो. आपला आवाज तेथील स्पीकरमधून बाहेर पडतो, तेथीलच मायक्रोफोन तो टिपतो आणि आपल्याकडे परत पाठवतो. ज्यांच्या खोलीत हा दोष असतो, त्यांना तो ऐकू येत नाही. म्हणूनच तो बराच काळ तसाच राहतो.

प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी मूळ ध्वनीनंतर किमान ०.१ सेकंदाचा अवधी जावा लागतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असल्याने परावर्तन करणारी भिंत निदान १७ मीटर दूर हवी. सभाकक्ष सहसा एवढे मोठे नसतात. तेथे परावर्तित ध्वनी एकमेकांत मिसळून आवाज नुसता घुमतो. याला निनाद म्हणतात. कॉन्फरन्समधील प्रतिध्वनीला लागणारा विलंब मात्र संदेशवहनातून येतो.

उपग्रहाद्वारे दूरध्वनी सुरू झाल्यावर ही अडचण तीव्र झाली. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने परतत असे. तो तारांच्या जोडणीत निर्माण होई. त्यावर अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये उपाय शोधला गेला. तेथील मनमोहन सोंधी यांचा यासंबंधीचा शोधनिबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच तत्त्व पुढे सभाकक्षातील यंत्रणेत आले. पलीकडून आलेला आवाज खोलीत फिरून मायक्रोफोनपाशी कोणत्या रूपात पोहोचेल, याचा अंदाज यंत्रणा सतत सुधारत राहते आणि तेवढा भाग वजा करते. दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू लागल्या, की हा अंदाज ढळू शकतो. अशा वेळी साधी यंत्रे एका बाजूचा आवाजच तोडतात.

खोली जितकी अधिक घुमते, तितके हे काम अवघड होते. निनादाचा शास्त्रीय अभ्यास वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सुरू केला. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्यांनी प्रयोग केले, तेव्हा मऊ पृष्ठभाग वाढताच निनाद घटत असल्याचे दिसले.

आजच्या काचेच्या भिंती आणि गुळगुळीत फरशीच्या सभाकक्षांनाही हाच नियम लागू आहे. गालिचा, जाड पडदे आणि छताला ध्वनिशोषक तक्ते लावल्यास शब्द स्पष्ट होतात. मायक्रोफोन वक्त्याजवळ व स्पीकरपासून दूर असावा. स्पीकरचा आवाज बेताचा ठेवावा. एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे मायक्रोफोन व स्पीकर चालू ठेवू नयेत. प्रतिध्वनी नेमका कोठून येतो हे कळण्यासाठी प्रत्येक ठिकाणचा मायक्रोफोन आळीपाळीने बंद करावा. जो बंद होताच प्रतिध्वनी थांबेल, दुरुस्ती त्या खोलीत करावी.