मनोऱ्याच्या पायथ्याशी

शासकीय कामानिमित्त तंजावरास गेलो असता एक सुटीचा दिवस आम्ही पूर्वकिनाऱ्यावरील महामार्गास दिला. अधिरामपट्टिणमची मिठागरे व मल्लिपट्टिणमच्या होड्या पाहत, ठिकठिकाणी वाळूत रेंगाळत आम्ही सागरतीरी ‘मनोरा’ गाठला. इंग्रजांनी केलेल्या नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांनी ही षट्कोनी वास्तू सन १८१४-१५ च्या सुमारास उभारली. १७९९ च्या तहाने ज्यांनी राजांचा राज्यकारभार हिरावून घेतला, त्यांचाच हा जयस्तंभ! तेथील मराठी शिलालेखापुढे मान उंचवावी की खाली घालावी, हे आम्हांस उमगेना. तथापि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारे राजेही हेच. राज्य गेले, ग्रंथ राहिले. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या ग्रंथालयाची कपाटे उघडताना आपण एवढे स्मरावे.