सात खिंडी, पाच खोरी

इटलीच्या उत्तरेकडील दोलोमाइट पर्वतात जुलैच्या आरंभी, एका रविवारी भल्या सकाळी ला व्हिला या गावातून हजारो सायकलस्वार निघतात. १९८७ साली पहिल्या वेळी ते १६६ होते. आता सुमारे नऊ हजार असतात. अर्ज त्याहून कितीतरी अधिक येतात, म्हणून बऱ्याच जागा सोडतीने भरतात. मोठा मार्ग १३८ किलोमीटरचा, एकूण चढ ४,२३० मीटर, वाटेत सात खिंडी. तेवढा वेळ मोटारींना रस्ते बंद. बहुतेकांचे ध्येय शर्यत जिंकणे नसते. घाट चढून धडपणे परतणे एवढेच असते.

या सोहळ्याचे नाव 'माराटोना द्लेस दोलोमितेस'. त्यातला 'द्लेस' हा शब्द इटालियन नाही. तो लादिन भाषेतला आहे. रोमनांनी इसवी सनापूर्वी १५ मध्ये आल्प्स जिंकल्यानंतर तिथल्या लोकांत रुजलेल्या लॅटिनची ही लेक. आज ती बोलणारे जेमतेम तीस हजार. बादिया, गार्देना, फास्सा, फोदोम आणि अंपेत्सो या पाच खोऱ्यांत ती टिकून आहे, आणि सायकलींचा मार्ग या पाचही खोऱ्यांना स्पर्श करतो.

पहिल्या महायुद्धापर्यंत ही खोरी ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात होती. १९१५ मध्ये इटली युद्धात उतरला आणि आघाडी थेट या गावांवरून गेली. फोदोममधले कोल दि लाना हे शिखर १७ एप्रिल १९१६ च्या रात्री इटालियनांनी सुरुंग लावून उडवले. फाल्त्सारेगोहून वाल्पारोलाकडे चढताना स्वारांना त्रे सास्सीचा तोफांनी फोडलेला किल्ला आजही लागतो.

युद्धानंतर सारा प्रदेश इटलीकडे गेला. १९२३ मध्ये फोदोम, कोल्ले सान्ता लुचिया आणि कोर्तिना बेल्लुनो प्रांताला जोडले गेले. १९२७ मध्ये बोल्झानो प्रांत त्रेंतोपासून वेगळा झाला. फास्सा त्रेंतोत राहिले, बादिया आणि गार्देना बोल्झानोत गेले. एका भाषेचे तीन तुकडे झाले. सीमाभाग म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

लादिन लोक गप्प बसले नव्हते. त्यांनी सभांसाठी शहरे निवडली नाहीत, खिंडी निवडल्या. ५ मे १९२० रोजी गार्देना खिंडीत खोऱ्याखोऱ्यांतले प्रतिनिधी जमले आणि त्यांनी निळा, पांढरा, हिरवा असा आपला झेंडा उभारला. १४ जुलै १९४६ रोजी सेल्ला खिंडीत हजारो लोक एकीची मागणी घेऊन आले. त्याच सप्टेंबरात इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यात झालेल्या करारात जर्मन भाषकांच्या हक्कांची हमी होती. लादिनांचा उल्लेखही नव्हता. खिंडीच का? नकाशावर डोंगराची धार ही प्रांताची हद्द असते. डोंगरातल्या माणसाला मात्र खिंड ही शेजारच्या खोऱ्यात जायची वाट असते. घाटावरचा आणि कोकणातला माणूस हे जाणतो.

सेल्ला आणि गार्देना या दोन्ही खिंडी आज या मार्गावर आहेत. हा मार्ग त्या सभांच्या स्मरणार्थ आखला, असे मी म्हणत नाही. सेल्ला पर्वताभोवती फिरायचे तर रस्ताच तो आहे. पण मोठ्या मार्गाचा स्वार एका दिवसात पाच वेळा प्रांतांची हद्द ओलांडतो, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

गावकऱ्यांना मात्र असतो. २००७ मध्ये कोर्तिना, फोदोम आणि कोल्ले इथल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने बोल्झानोत परतण्याचा कौल दिला. हद्द हलली नाही. काम्पोलोंगो ही १,८७५ मीटर उंचीची खिंड हे स्वार दोनदा चढतात. तिच्या उत्तरेला कोर्वारात शाळेत इटालियन, जर्मन आणि लादिन या तिन्ही भाषांना कायद्याने स्थान आहे. दक्षिणेला उतरताच लागणाऱ्या अराब्बात तीच लादिन घरोघरी बोलली जाते, पण तिला तेवढे संरक्षण नाही. सायकलीवर हे अंतर उताराच्या काही मिनिटांचे आहे.