हाली सिक्क्याच्या चार नोटा

वर्धापनदिनी जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडावयाचे ठरले, म्हणून आम्ही घरातील जुनी ट्रंक उघडली. आजेसासूबाईंच्या लुगड्याच्या घडीत चार नोटा निघाल्या. तीन दहाच्या, एक पाचाची. नव्या सुनेने विचारले, "ह्या कुठल्या देशाच्या?" देश हाच, राज्य मात्र निजामाचे!

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात व हैदराबाद संस्थानात होती. संस्थानचे चलन निराळे. त्यास आपल्याकडे 'हाली सिक्का' म्हणत. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा 1918 साली कायदा होऊन 10 व 100 रुपयांच्या नोटा निघाल्या. 1919 साली 1 व 5 रुपयांच्या, तर 1926 साली 1000 रुपयांची नोट आली. पुढे ह्या नोटा आपल्या नाशिकासच छापल्या जात. त्यांवर निजामाची तसबीर नाही. उर्दू, इंग्रजी, तेलुगू व कानडीबरोबर आपली मराठीही आहे.

पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा 'कलदार' चाले. 100 कलदारास हालीचे 116 रुपये 10 आणे 8 पै पडत. म्हणजे सात हालीचे सहा कलदार. पुसद-वाशीमच्या बाजारास जाणाऱ्यास हा हिशेब ठेवावाच लागे.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. हाली मात्र भारतीय रुपयाबरोबर आणखी काही वर्षे चालला आणि 1959 साली कायमचा बंद झाला.

घरातील पुरुषमंडळींनी आपल्या नोटा वेळेवर बदलून घेतल्या. आजेसासूबाईंच्या नोटा कोणास ठाऊकच नव्हत्या. सांगावे तर चोरून साठविल्याचा ठपका, न सांगावे तर पैसा बुडतो. त्या गप्प राहिल्या. 35 हाली, म्हणजे 30 कलदार! दूध-तुपातून आणा-आणा वाचवून जमविलेली ती पुंजी घडीतच राहिली.

आज हौशी संग्राहक अशा नोटांस किंमत देतात. पण ज्या माउलीने त्या साठविल्या, तिच्या हाती काय आले?

नोटा प्रदर्शनात काचेखाली ठेविल्या आहेत, अवश्य पाहाव्यात. आणि घरी गेल्यावर आपल्या सासूबाईंस, आईस एक विचारावे: त्यांच्या नावचे बँकेत खाते आहे ना?