शिलेदाराची सुट्टी

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत, हे शाळेपासून आपल्याला माहीत आहे. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. घोड्याच्या दाण्यावैरणीची आणि दुखण्याखुपण्याची चिंताही त्याचीच. इंग्रजीतल्या ‘फ्रीलान्स’ या शब्दाचे कूळही असेच लष्करी आहे. १८१९ च्या अखेरीस निघालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत वॉल्टर स्कॉटने तो कोणा एका धन्याशी कायमचे न बांधलेल्या भाडोत्री भालाइतांसाठी वापरला. आज भाषांतरकार, मुद्रितशोधक, छायाचित्रकार, आज्ञावली लिहिणारे, मोटारसायकलवरून जेवण पोचवणारे असे सगळेच या अर्थाने शिलेदार आहेत. घोडा आपला, हत्यार आपले आणि दुखणेही आपले.

या शिलेदारांना हल्ली एक उपदेश सतत ऐकावा लागतो. काम आणि घर यांचा तोल सांभाळा, कामाचे तास ठरवून घ्या, रात्री फोन बंद ठेवा, ‘नाही’ म्हणायला शिका. उपदेश वाईट नाही, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. स्वतंत्र काम करणाऱ्याची विश्रांती ही त्याच्या मनोनिग्रहाची गोष्ट आहे, ती मिळाली नाही तर दोष त्याच्या स्वभावाचा, असे ते गृहीत. गेली काही वर्षे सुट्टीचा इतिहास जमेल तसा चाळताना मला उलटेच दिसत गेले. स्वतंत्र कारागिराला जेव्हा जेव्हा विसावा मिळाला, तेव्हा तो एकट्याच्या निश्चयाने मिळालेला नाही. तो रूढीने, संघटनेने किंवा कायद्याने, पण सर्वांना एकदम मिळालेला आहे.

पहिला दाखला शिलेदाराचाच. पावसाळ्यात लष्कराने छावणीस यावे आणि दसऱ्याला मुलूखगिरीस बाहेर पडावे, ही शिवकाळातील रीत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे. नद्यांना पूर, वाटांचा चिखल, घोड्यांना चारा आणि विश्रांती ही त्यामागची कारणे उघड आहेत. पण शिलेदाराच्या दृष्टीने पाहिले तर घरी राहिल्यामुळे दुसरा स्वार आपली जागा घेईल, ही धास्ती त्या चार महिन्यांत नव्हती. कारण दुसराही थांबलेलाच असे.

गावगाड्यातही हाच न्याय दिसतो. बेंदराला किंवा पोळ्याला बैलांच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही, हा नियम कोणा एका शेतकऱ्याच्या भूतदयेवर सोडलेला नाही. दसऱ्याला हत्यारे-अवजारे पुजली जातात, त्या दिवशी ती कामाला लावत नाहीत. गवंडी आणि सुतार अमावास्येला काम धरत नाहीत, ही चाल आपल्याकडे अनेक भागांत अजून टिकून आहे. शहरातला घरमालक घाई करतो, पण अमावास्येला गवंडी येणार नाही हे त्याला मुकाट्याने मान्य करावे लागते. दुसरा गवंडी बोलवावा तर तोही येणार नाही. यात श्रद्धा आहे, अमावास्येची भीतीही आहे. तरी परिणाम पाहिला तर रोजावर जगणाऱ्या माणसाला महिन्यातला एक दिवस हमखास मिळाला आणि त्यासाठी त्याला कोणाशी वाद घालावा लागला नाही.

ही रीत मोडते कशी, हे इंग्लंडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. तिथले चांभार, शिंपी, विणकर, सुऱ्या-कात्र्या करणारे कारागीर सोमवारी काम करत नसत. या दिवसाला त्यांनी थट्टेने ‘संत सोमवार’ असे नाव दिले होते. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने १९६७ साली लिहिलेल्या, काळ आणि कामाची शिस्त यांवरील गाजलेल्या निबंधात हे सविस्तर मांडले आहे. ज्याचे काम त्याच्याच ताब्यात असते तो आठवड्याच्या सुरुवातीला रेंगाळतो आणि शेवटी रात्रीचा दिवस करतो. कलावंत, लेखक, लहान शेतकरी यांच्यात ही लय आजही दिसते, असे त्याचे निरीक्षण होते.

पुढे कारखान्यांनी हा सोमवार हळूहळू हटवला आणि बदल्यात शनिवारची अर्धी सुट्टी दिली. पण हातमागाचा विणकर कारखान्यात नव्हता, तो आपल्या घरी होता. यंत्रमाग पसरला आणि नगावर मिळणारी मजुरी घसरत गेली. तेव्हा पूर्वीइतकीच कमाई करायला त्याला अधिक तास विणावे लागले. प्रत्येकजण अधिक विणू लागला, कापडाचा आणखी ढीग झाला, भाव आणखी पडला. १८३४-३५ मध्ये ब्रिटिश संसदेला या विणकरांच्या अर्जांवर चौकशी समिती नेमावी लागली. त्यांच्यावर मुकादम नव्हता, भोंगा नव्हता. मागाशेजारीच चूल होती. तरीही सोमवार गेला, कारण शेजारच्या घरातला माग सोमवारी वाजू लागला की आपला बंद ठेवणे परवडत नसे.

आपल्याकडच्या रविवारची कथा मुंबईच्या गिरण्यांतली. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार सह्या झाल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. हे लोक नोकरदार होते, हे खरे. पण गिरणीतल्या विणकरांना मजुरी कामाच्या मापावर मिळे. माग थांबला की त्यांची कमाई थांबे. तरीही त्यांनी सुट्टी मागितली, आणि ती साऱ्या गिरण्यांसाठी एकाच दिवशी मागितली. एका गिरणीने दिलेली सुट्टी टिकणार नाही, हे त्यांना कळत होते.

मुंबईतल्या डबेवाल्यांच्या धंद्याची सुरुवातही १८९० च्या सुमाराचीच सांगतात. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतली ही माणसे कोणाची नोकर नाहीत. गिऱ्हाईक दरमहा पैसे देते आणि त्यावर त्यांचा चरितार्थ चालतो. आजच्या भाषेत ते पक्के फ्रीलान्सर. पण चैत्रात गावच्या जत्रा आल्या की सगळे डबेवाले एकदम काही दिवस सुट्टीवर जातात. ती बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते आणि गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, आपली सोय पाहते. एकटा डबेवाला पाच दिवस गावी गेला असता तर परत आल्यावर त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे असते. सगळेच गेले म्हणून कोणाचेच गेले नाही.

जिथे रूढीही नाही आणि संघटनाही नाही, तिथे काय? १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक केले. पंजाबात असाच कायदा १९४० पासून होता. फिरोजपूर छावणीतल्या एका दुकानदाराला बंदच्या दिवशी माल विकल्याबद्दल दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे असे की, माझ्याकडे नोकर नाही, दुकान मी आणि माझे घरचे चालवतो. मग हा कायदा मला कशाला? ‘मनोहर लाल विरुद्ध पंजाब राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयाने १९६० साली त्याचे म्हणणे फेटाळले. काम करणाऱ्याचे आरोग्य ही समाजाच्या हिताची बाब आहे, तेव्हा अतिश्रम टाळण्यासाठी घातलेले बंधन वाजवी आहे, असा त्या निकालाचा आशय. माणूस स्वतःचा मालक असला तरी स्वतःला राबवून घेण्याचा त्याचा हक्क अमर्याद नाही, हे तिथे मान्य झाले.

दुकानदाराची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्याची चूल रोजच्या गल्ल्यावर पेटते त्याला सक्तीची सुट्टी म्हणजे दंडच वाटणार. पण समोरचे दुकानही त्या दिवशी बंद असे, एवढा दिलासा त्या सक्तीत होता.

हा दिलासा आता राहिलेला नाही. महाराष्ट्रात २०१७ साली नवा कायदा आला. तो आला तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते, मात्र प्रत्येक कामगाराला पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते. मोठ्या दुकानाला हे जमते, कारण तिथे पाळ्या आहेत. कोपऱ्यावर एकटे दुकान चालवणाऱ्याने पाळी कोणाशी लावायची? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही व्याख्या केली, विमा, अपघात, वृद्धापकाळ यांच्या योजनांची तरतूद केली. कामाचे तास आणि सुट्टी यांबद्दल ती बोलत नाही.

मी स्वतः मुद्रितशोधनावर पोट भरतो. दिवाळी अंकांच्या हंगामात श्रावणापासून रविवार उरत नाही, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मी रविवारी फोन उचलला नाही, तर ती मुद्रिते त्याच संध्याकाळी दुसऱ्याकडे जातात. तो दुसराही माझ्यासारखाच असतो, त्यालाही रविवार हवा असतो. आम्ही एकमेकांना ओळखतही नाही.

म्हणून तोल सांभाळण्याचा उपदेश मला अपुरा वाटतो. भाषांतरकारांनी, मुद्रितशोधकांनी, घरून काम करणाऱ्या कोणत्याही एका धंद्याने आपसांत ठरवून एक दिवस बंद पाळला, तर सुरुवातीला काही गिऱ्हाइके रागावतील. गवंड्याच्या अमावास्येवरही लोक रागावतात. पण घर बांधताना ती अमावास्या आधीच हिशेबात धरतात.