विंग कमांडर पोर्ट : एका लौकिकाची चिकित्सा

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश नाविक विमानदलाचा वृत्तांत लिहिताना जॉन सिरिल पोर्ट ह्या अधिकाऱ्यापाशी येऊन लेखणी थबकते. एकाच वर्षी, १९१७ मध्ये, त्याच्या नौका उत्तर समुद्रावर पाणबुड्यांचा माग काढीत होत्या आणि तो स्वतः लाचलुचपतीच्या आरोपाखाली न्यायालयात उभा होता.

आयर्लंडमधील बँडन येथे १८८४ साली जन्मलेल्या पोर्टची आरमारातील सेवा पाणबुड्यांवर झाली. १९११ मध्ये क्षयरोगामुळे ती संपली. अशा मनुष्याने विश्रांती घ्यावयाची. हा विमानविद्येकडे वळला. अमेरिकेत ग्लेन कर्टिसच्या ‘अमेरिका’ ह्या उडत्या नौकेतून अटलांटिक ओलांडण्याची त्याची सिद्धता चालू असता ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले. तो परतला आणि त्याच्याच आग्रहावरून आरमाराने ती नौका विकत घेतली.

परंतु कर्टिसचा सांगाडा उत्तर समुद्राच्या लाटांपुढे टिकेना. फेलिक्सस्टो तळाचा प्रमुख झाल्यावर पोर्टने तळाचा आकार, पायऱ्या आणि बांधणी ह्यांवर एकामागून एक प्रयोग केले व त्यांतून एफ २ ए ही नौका सिद्ध झाली. त्याचे खरे कर्तृत्व येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एप्रिल १९१७ पासून नॉर्थ हिंडर दीपनौकेभोवती ‘कोळ्याचे जाळे’ म्हणून प्रसिद्ध असलेली अष्टकोनी गस्त सुरू झाली. तिच्या कक्षेत सुमारे ४,००० चौरस मैल समुद्र येई, आणि पृष्ठभागावरून जाणाऱ्या पाणबुडीस तो ओलांडावयास दहा तास लागत. पाणबुडीतील माणसाची अडचण पोर्टहून अधिक कोण जाणत होता?

आरोप असा होता की, कर्टिस कंपनीच्या कंत्राटांसंबंधी कॅसन नामक मध्यस्थाकडून त्याने पैसे घेतले. नोव्हेंबर १९१७ मध्ये त्याची युद्धसेवा व ढासळलेली प्रकृती पाहून सरकारने त्याच्यावरील खटला काढून घेतला. म्हणजे तो दोषी ठरला नाही, तसा निर्दोषही ठरला नाही. चरित्रकार ह्या प्रकरणावरून भरभर पुढे सरकतात, हे योग्य नव्हे. ज्या जुन्या परिचयामुळे उत्तम नौका आरमाराच्या हाती आल्या, त्याच परिचयाने त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात नेले. ही दोन्ही अंगे एकत्रच वाचावी लागतात.

ऑक्टोबर १९१९ मध्ये क्षयानेच त्याचा अंत झाला. त्याच्या परंपरेतील एफ ५ नौका ब्रिटिश वायुदलात १९२५ पर्यंत राहिल्या. अमेरिका व जपान ह्यांनीही त्या बांधल्या. पुढे शोधकांना पारितोषिके देणाऱ्या शाही आयोगाने त्याच्या विधवेस त्याच्या शोधांबद्दल रक्कम मंजूर केली.